'प्रायमरी'ला मराठीत काय म्हणायचं?

राज्यशास्त्राच्या पेपरला अमेरिकेच्या निवडणुका आहेत, आणि नोट्समध्ये प्रायमरीला सरसकट 'प्राथमिक निवडणूक' लिहिलंय. वाचणाऱ्याला ही पहिली फेरी वाटते, फ्रान्समध्ये असते तशी. दुसरा शब्द आहे का? आणि कॉकसला काय म्हणता?

प्रतिसाद :
'प्राथमिक' मलाही खटकतो. प्रायमरीत सहसा कोणी पदावर निवडून येत नाही, पक्षाचं तिकीट कोणाला ते ठरतं. आपल्याकडे यादी वरून येते, एबी फॉर्म हातात पडला की उमेदवार अधिकृत, तिकडे तो एबी फॉर्म जणू मतदारच देतात. अर्थात पूर्वी तिकडेही नेतेच ठरवायचे, १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनात केवढा गदारोळ झाला, आणि त्यानंतर पक्षाने नियम बदलले म्हणून १९७२ पासून प्रायमऱ्यांचं वजन एवढं वाढलं. मी 'उमेदवारीची निवडणूक' म्हणेन, लांब आहे पण अर्थ लगेच पोचतो.

प्रतिसाद :
'पक्षांतर्गत निवडणूक' असंही पेपरात वाचलंय.

प्रतिसाद :
तो नको प्लीज! मराठीत पक्षांतर्गत निवडणूक म्हटलं की पक्षाचा अध्यक्ष, पदाधिकारी निवडायची निवडणूक डोळ्यासमोर येते. मी पेनसिल्व्हेनियात राहते, इथे प्रायमरी सरकारी यंत्रणाच घेते, नेहमीच्याच मतदान केंद्रांवर. मतदार नोंदणीच्या फॉर्मवरच पक्ष कुठला ते लिहायचं असतं, त्यासाठी वर्गणी नाही, पक्षाचं कार्ड नाही, पण ज्या पक्षाची नोंद त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. शेजारी न्यू जर्सीत ज्यांची कुठलीच नोंद नाही ते त्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगू शकतात आणि व्हर्जिनियात तर पक्षाची नोंदणीच नसते, दोन्हींपैकी कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत द्या. म्हणजे मत देणारा पक्षाचा कार्यकर्ता असेलच असं नाही, साधा मतदार असतो, आणि मला तरी ह्या सगळ्यातली हीच सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. 'उमेदवारीची निवडणूक'ला माझा पाठिंबा.

प्रतिसाद :
कॉकसमध्येही उमेदवारीच ठरते, पण तो पक्ष स्वतः भरवतो. २०२० पर्यंत आयोवा राज्यात डेमोक्रॅट लोक संध्याकाळी शाळेत नाहीतर एखाद्या हॉलमध्ये जमायचे, उमेदवारानुसार वेगवेगळ्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर उभे राहायचे, ज्या गटात साधारण १५ टक्के माणसं नाहीत त्यांना बाकीचे आपल्याकडे ओढायचे आणि मग परत मोजणी. रिपब्लिकन लोकांचं वेगळं, ते भाषणं ऐकून चिठ्ठीवर गुप्त मत देतात. ह्याला 'सभा' म्हणावं तर मत देणं राहून जातं, 'मेळावा' म्हणावं तर त्याहून वाईट. शिवाय तिकडच्या संसदेत सदस्यांच्या गटालाही कॉकसच म्हणतात, तिथे 'गट' चालेल. आयोवाच्या कॉकसला कॉकसच राहू द्या.

प्रतिसाद :
आणि इलेक्टोरल कॉलेजला 'निर्वाचक मंडळ' ठीक ना?

प्रतिसाद :
ठीक आहे, आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीलाही तोच शब्द आहे. फक्त उत्तरात फरक लिहा, आपल्या मंडळात निवडून आलेले खासदार-आमदार असतात, तिकडे खास राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठीच निवडलेले ५३८ जण, बहुमत २७० ला, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक.