हिशोबपट्टीचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधून पायथनमध्ये नेताना पडणारा एका पैशाचा फरक

पिंपळगावकर (प्रश्न):
पिंपळगाव बसवंत बाजार समितीत कांदा खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्यांचा हिशोबपट्टीचा जुना प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये आहे आणि तो मी ओळीस ओळ ठेवून पायथन ३ मध्ये उतरवत आहे. मागील हंगामातील पट्ट्या नव्या प्रोग्राममधून काढून पाहिल्या असता बहुतेक तंतोतंत जुळल्या, मात्र काही पट्ट्यांत तोलाईच्या रकमेत एका पैशाचा फरक येतो. उदाहरणार्थ, २१.२५ क्विंटल वजनास क्विंटलमागे २.५० रुपये दर धरल्यास जुन्या छापील पट्टीवर ५३.१३ रुपये दिसतात, तर पायथन ५३.१२ दाखवतो. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु शेतकऱ्याच्या हातातील पट्टी आणि पेढीची वही जुळली नाही, तर मालक नवा प्रोग्राम वापरणारच नाहीत. जुन्या कोडमधील करन्सी या रकमांसाठीच्या प्रकाराच्या जागी मी फ्लोट, म्हणजे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवणारा प्रकार, घेतला आहे. दोष तिथे असावा काय?

सातपूरचा प्रोग्रामर:
फ्लोट काढून डेसिमल, म्हणजे पायथनमधील दशांश पद्धतीने हिशोब करणारा प्रकार, घ्यावा. करन्सी ही रक्कम दहा हजारपट करून ६४ बिटांच्या पूर्णांकात साठवते, त्यामुळे दशांशानंतरची चार स्थळे अचूक राहतात. फ्लोटमध्ये तशी हमी नाही, पायथनमध्ये २.६७५ दोन स्थळांपर्यंत राऊंड करून पाहा, २.६७ मिळतील.

गंगापूर रोड:
वरील सल्ला योग्यच आहे, पण या फरकाचे कारण ते नव्हे. २१.२५, २.५० आणि त्यांचा गुणाकार ५३.१२५ या तिन्ही संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ या अंकांत) अचूक बसतात, म्हणून येथे फ्लोट निर्दोष आहे. नुसता डेसिमल घेतला तरी ५३.१२ च येतील, कारण बरोबर निम्मा उरल्यास जवळच्या सम अंकाकडे जावे, हाच त्याचाही मूळ नियम आहे. गंमत अशी की व्हिज्युअल बेसिक ६ चे राऊंडदेखील हाच नियम पाळते. त्याच भाषेतील फॉरमॅट, म्हणजे संख्या छापण्याजोग्या रूपात देणारे फंक्शन, मात्र निम्मा वर नेते. तेव्हा जुन्या कोडमध्ये पट्टी छापणारा भाग तपासावा. तिथे फॉरमॅट आढळल्यास तेवढ्याच जागी डेसिमलला राऊंड हाफ अप (निम्मा वर नेणे) हा नियम द्यावा. सरसकट सगळीकडे लावल्यास आज जुळणाऱ्या रकमाही बिघडू शकतील.

पिंपळगावकर:
आभारी आहे. छपाईच्या मॉड्यूलमध्ये फॉरमॅटच आहे, हमाली आणि तोलाई दोन्हींसाठी. एकूण रकमेसाठी मात्र राऊंड आहे. आपण सांगितल्याप्रमाणे बदल केल्यावर वरील पट्टी ५३.१३ वर आली. ओळीस ओळ उतरवताना आणखी कुठे सावध राहावे?

गंगापूर रोड:
सर्वांत आधी प्रोसीजरना दिलेली व्हेरिएबल्स पाहावीत. बायव्हॅल (फक्त किमतीची प्रत द्यावी) असे लिहिले नसेल, तर व्हिज्युअल बेसिक ६ ती बायरेफ (मूळ व्हेरिएबलच दिले) धरते. म्हणजे वजावट करणाऱ्या प्रोसीजरने आत वजन बदलले, तर बोलावणाऱ्या कोडमधील वजनही बदलते आणि पुढची ओळ कदाचित त्याच बदललेल्या वजनावर विसंबून असते. पायथनमध्ये संख्येच्या बाबतीत असे होत नाही, म्हणून नवे वजन फंक्शनमधून स्पष्टपणे परत पाठवावे लागते. शिवाय परतीच्या नोंदींत ऋण संख्या असतील, तर पूर्णांकी भागाकारही तपासा: उणे ७ ला २ ने भागल्यास जुनी भाषा उणे ३ देते, पायथन उणे ४.