मदत हवी आहे : टीव्हीवरच्या प्रचारकांचा हिशेब कुठे बघायचा?

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही डॅलसला असतो. आई नगरहून आली आहे, दिवसभर टीव्हीवर प्रवचनं बघते. परवा तिच्या बायबलमध्ये 100 डॉलरच्या चेकची पावती सापडली, वर लिहिलेलं : 'विश्वासाचं बीज', म्हणजे अशा प्रचारकाला दिलेली देणगी. मार्क 10:30 मधलं 'शंभरपट' परत मिळेल असं हे प्रचारक रोज सांगतात, त्याच वचनातली 'छळणूक' मात्र शिताफीने गाळतात!

इथे चर्चला फॉर्म 990 (करमाफी असलेल्या संस्थांनी सरकारला द्यायचा वार्षिक हिशेब) भरावा लागत नाही, त्यामुळे पगार, विमान, बंगला काहीच उघड होत नाही. अमेरिकन सिनेटर ग्रासली यांनी 2007 मध्ये टीव्ही प्रचारकांच्या सहा संस्थांकडे हिशेब मागितला. बहुतेकांनी पूर्ण दिलाच नाही, आणि 2011 च्या अहवालात कुणाला दंडही झाला नाही. त्या सहांपैकी प्रचारिका जॉइस मायर यांची संस्था मात्र 2009 मध्येच ईसीएफए या हिशेब-शिस्त पाळायला लावणाऱ्या संघटनेत गेली.

तर, त्या सभासदत्वावर कितपत विसंबावं? लेखापरीक्षण अहवाल मागितला तर देतात का? आणि आईशी कसं बोलू? 'तू देवाच्या माणसाला बोट लावतोस' म्हणून कालपासून जेवणाच्या टेबलावर गप्प आहे. नगरच्या आमच्या पाळकांचं ती ऐकेल बहुतेक, पण त्यांना यात ओढावं का?