इटॅलिक करेक्शन : सुधारणा, दुरुस्ती की आणखी काही?

खडूभुकटी : गणिताच्या अक्षरजुळणीवर एक लेख मराठीत करतेय. 'इटॅलिक करेक्शन'पाशी गाडी अडलीय. मी 'तिरकस सुधारणा' लिहिलं, तर संपादकबाईंचा शेरा आला : 'चूक कोणाची होती?' चूक कोणाचीच नाही हो. तिरपा एफ डोक्याकडून उजवीकडे झुकतो, त्याच्या खांद्यावर घातांक २ ठेवला की टक्कर. म्हणून फॉन्ट करणारा दर अक्षरामागे एक माप देऊन ठेवतो, घातांक तेवढा उजवीकडे सरकतो. पादांक मात्र आत, अक्षराच्या पायाशीच राहतो. डोनाल्ड कनुथच्या टेकमध्ये, म्हणजे गणित जुळवणाऱ्या त्या संगणक-प्रणालीत, हा हिशेब १९७८ पासून आहे. मराठीत काय म्हणावं?

जुळाऱ्याचा नातू : आमचे आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिरप्या खिळ्यानंतर सरळ कंस आला की मध्ये कागदाचा कपटा सारत आणि म्हणत, 'जरा हवा घातली.' घ्या, 'हवा'!

खडूभुकटी : संपादकबाई माझीच हवा काढतील.

पंचांगी : शब्द आपल्या घरातच आहे. ज्योतिर्गणितात करेक्शनला संस्कार म्हणतात : देशांतरसंस्कार, चरसंस्कार. तिथेही आधीचं गणित चुकलेलं नसतं, फक्त जागेप्रमाणे फरक द्यायचा असतो. 'कलसंस्कार' करा.

उंटावरचा : कलसंस्कार! बालवाडीची जाहिरात वाटते. छपाईतला माणूस इटॅलिक म्हणतो, फॉन्ट म्हणतो, त्याला करेक्शनच तेवढं टोचेल का? पंचांग उघडून शब्द काढायचे आणि मग कंसात इंग्रजी द्यायचं, हा उद्योग पुरे.

पंचांगी : घातांक, पादांक हेही कोणीतरी काढलेलेच ना? ते बरे चालतात तुम्हाला!

बोरू : मुळात इटॅलिक म्हणजे तिरपा नव्हे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुशियस, त्यानं १५०१ मध्ये त्यात रोमन कवी व्हर्जिल छापला, ते वळण हस्ताक्षरावरून घेतलेलं. नुसता सरळ ए कलवला तर तो कललेला ए, इटॅलिक नाही. आणि गणितात तिरपं हवंच असंही नाही. अक्षररचनाकार हेर्मान झाप्फनं अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी ऑयलर नावाचा फॉन्ट केला तो उभाच. फळ्यावर सुंदर अक्षर काढणाऱ्या गणितज्ञाचा हात झाप्फच्या डोळ्यांपुढे होता. त्यातलं शून्य बघा, माथ्याला चक्क टोक आहे. 

जुळाऱ्याचा नातू : तिरपा हा शब्द उन्हाच्या तिरिपेवरून आला असणार. तिरीप कधी सरळ येते का?

पंचांगी : तिर्यक्. विषय संपला.

जुळाऱ्याचा नातू : तिर्यक् वरून तिरका. तिरपा नाही. त्यातला 'प' कुठून आणलात?

उंटावरचा : त्यापेक्षा हे सांगा, आपला क्ष कोणी तिरपा करतं का? मजकुरातला क्ष आणि समीकरणातला क्ष सारखेच दिसतात. 'क्ष चा वर्ग काढा' यातला 'चा' आमच्या वर्गात एकानं गुणला होता.

बोरू : देवनागरी कलवली की शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे झुकतात. वादळातल्या मांडवासारखं दिसतं. शिवाय क्ष वरचा २ शिरोरेषेला चिकटवायचा की अधांतरी ठेवायचा?

पंचांगी : अधांतरी.

जुळाऱ्याचा नातू : अर्धा रेषेखाली. आजोबा तसाच बसवायचे.

खडूभुकटी : लेख उद्या द्यायचाय. करेक्शनचं काय करू?

उंटावरचा : अर्धा रेषेखाली गेला तर तो घातांक कसला, क्ष ला दोननं गुणल्यासारखं दिसेल!