शब्दचर्चा : ‘सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न : फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक तयार करत आहे. ‘रक्तातील कर्कपेशींचे निदान’ हा शब्दप्रयोग योग्य आहे, की ‘अभिसारी अर्बुदपेशी’ म्हणावे?

उत्तर : ‘रक्तातील कर्कपेशी’ असे वाचल्यावर रुग्णाला आपल्याला रक्ताचाच कर्करोग झाला आहे असे वाटेल, आणि आधीच धास्तावलेल्या घरातून असा गैरसमज काढणे फार कठीण जाते. या पेशी मूळच्या रक्तातल्या नव्हेत. त्या फुप्फुसातील गाठीतून सुटून रक्तप्रवाहात शिरलेल्या असतात. ‘अभिसारी’ही टाळावे, कारण शालेय भौतिकशास्त्रात अभिसारी किरण म्हणजे एका बिंदूकडे एकत्र येणारे किरण. मी ‘रक्तप्रवाहातील अर्बुदपेशी’ असे लिहीन. ‘अर्बुद’ म्हणजे गाठ (ट्यूमर); हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना असला तरी आज बोलण्यात नाही. म्हणून पहिल्या उल्लेखाजवळ ‘गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशी’ असा खुलासा असावा. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘सीटीसी’ असे इंग्रजी नावाचे लघुरूपच छापलेले असते, तेही एकदा सांगून टाकावे.

दुसरे उत्तर : माझा खरा आक्षेप ‘निदान’ या शब्दाला आहे. निदान रोगाचे होते. पेशींचा शोध घेतला जातो, आणि हा शोध अतिशय अवघड असतो. एका मिलिलिटर रक्तात सुमारे 500 कोटी तांबड्या पेशी असतात, तर गाठीतून आलेल्या पेशी कित्येकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात. शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळालेली ‘सेलसर्च’ पद्धत 7.5 मिलिलिटर रक्तातून ‘एपकॅम’ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी चुंबकीय कणांनी वेगळ्या करते. फुप्फुसाच्या लघुपेशी (स्मॉल सेल) कर्करोगात अशा पेशी पुष्कळदा मोठ्या संख्येने मिळतात. बिगर-लघुपेशी (नॉन-स्मॉल सेल) प्रकारात मात्र अनेक पेशींवर हे प्रथिन कमी झालेले किंवा नाहीसे झालेले असते, त्यामुळे त्या रक्तात असूनही हाती लागत नाहीत. म्हणूनच काही पद्धतींत प्रथिनाऐवजी पेशींच्या आकारमानावर भिस्त ठेवून रक्त सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळतात.

तेव्हा पत्रकात ‘अर्बुदपेशी नाहीत’ असे कुठेही लिहू नये. ‘या नमुन्यात, या पद्धतीने अर्बुदपेशी आढळल्या नाहीत’ असेच लिहावे, आणि त्यावरून रोग नाही असे ठरत नाही, हे वाक्य त्याला जोडूनच छापावे.