देसाणींच्या ‘ऑल अबाउट एच. हॅटर’मधील उपहास नेमका कोणावर?

प्रश्न: गो. वि. देसाणी यांची 1948 साली प्रसिद्ध झालेली ही पहिलीच कादंबरी मी नुकतीच वाचली. युरोपीय पिता आणि मलय माता असलेला हॅटर एकामागून एक सात साधुपुरुषांकडे ज्ञानासाठी जातो आणि बहुतेक वेळा फसवला जातो. लेखक त्याच्या संमिश्र वंशाचीच थट्टा करीत आहेत काय?

उत्तर 1: मला तसे वाटत नाही. साहेबांच्या क्लबातून हॅटरला बाहेर काढले जाते, तेव्हा हसू येते ते त्या क्लबाच्या प्रतिष्ठेचे. आणि भोंदू साधूंच्या प्रसंगांत श्रद्धेच्या बाजाराचे. तो कोणत्याच गोटात पूर्णपणे सामावत नसल्यामुळे दोन्ही गोटांचे ढोंग त्याला जवळून दिसते.

उत्तर 2: सहमत आहे, परंतु खरे उत्तर भाषेत आहे असे मी आग्रहाने म्हणेन. व्याकरण मोडणारी, कायद्याची परिभाषा आणि बोलीतील शब्द यांची सरमिसळ करणारी हॅटरची इंग्रजी हाच त्याचा वारसा आहे. सलमान रश्दी यांनी देसाणींचे ऋण मान्य केले आहे, ते या भाषेमुळेच. कृपया काही पाने मोठ्याने वाचून पाहा.