रिपोर्ट हातात येईपर्यंत : अंडाशयाचा कर्करोग आणि परिस्थितीतले अंतर (अनुभव धागा)

अंडाशयाच्या कर्करोगाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात ‘लक्षणे ओळखा आणि वेळीच डॉक्टरांकडे जा’ हा सल्ला हमखास असतो. वेळीच म्हणजे कधी, कोणत्या डॉक्टरांकडे आणि कोणाच्या पैशाने, हे त्यात नसते. भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल हा कर्करोग येतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे त्या वर्षी सुमारे ४७ हजार स्त्रियांना तो झाला. बहुसंख्य रुग्णांचे निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होते, म्हणजे गाठ अंडाशयाबाहेर, पोटाच्या आतल्या आवरणावर किंवा त्याही पलीकडे पसरल्यानंतर. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे ही लक्षणे पित्त, गॅस, वय आणि कामाचा शीण यांच्या खात्यावर सहज जमा होतात.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी मोफत होते, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण योजनेचे दार मुख्यतः आजाराचे नाव ठरल्यावर उघडते. गॅसच्या पहिल्या गोळीपासून तपासणीच्या रिपोर्टपर्यंतचा रस्ता बहुतेक स्त्रियांना स्वतःच्या पैशाने, मजुरी बुडवून आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी सवडीने पार करावा लागतो. या धाग्यात त्याच रस्त्याविषयी लिहावे, अशी विनंती केली होती. पहिली तक्रार कोणाला सांगितली, त्या व्यक्तीने काय केले आणि पुढच्या तपासणीसाठी घरात कोणाचा होकार लागला, एवढे तरी लिहावे असे सुचवले होते. आलेले अनुभव केवळ शुद्धलेखन तपासून देत आहे.

प्राध्यापक, बीड जिल्हा (आईविषयी)

माझे आईवडील ऊसतोडणीला जात असत. उचल आधीच घेतलेली असल्यामुळे हंगामभर राबून ती फेडायची, अशी ती रीत आहे. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाई एक दिवस आजारी पडली तरी खाडा दोघांवर पडतो आणि मुकादम तो पैशांत वसूल करतो. आईची पिशवी तिशी नुकतीच ओलांडलेली असताना काढली होती. अंगावरून जाण्याची तक्रार होती आणि ‘ठेवली तर पुढे कॅन्सर होईल’ असे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आमच्या वस्तीवर अशा अनेक जणी होत्या. २०१९ साली शासनाच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते.

या शस्त्रक्रियांचा एक परिणाम मात्र फारसा चर्चेत आला नाही. पिशवीच नाही, तेव्हा बायकांचा कोणताही आजार आता आपल्याला होणे नाही, अशी आईची समजूत झाली होती. अंडाशये ठेवली होती की काढली होती, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि जवळ असलेल्या एकुलत्या एका डिस्चार्ज कार्डावरूनही ते कळत नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्या पोटाला फुगवटा आला. कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी पाळीविषयी विचारले आणि पिशवी काढल्याचे उत्तर ऐकल्यावर त्या दिशेचा विचार तिथेच सोडून दिला. गॅसचे औषध झाले, सलाईन झाले, मग यकृताची तपासणी झाली. हंगाम संपेपर्यंत ती मोळ्या वाहत राहिली, कारण मध्येच गावी परतायचे तर उरलेली उचल कशी फेडायची, याचे उत्तर घरात कोणाकडेही नव्हते.

गावी आल्यावर सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले. आमच्या भागात पोटात पाणी म्हटले की पहिली शंका क्षयाची येते. ती शंका घेण्यात चूक नाही, पण आईच्या बाबतीत तिचीच खात्री धरून टीबीची औषधे सुरू झाली आणि त्यात महिने गेले. पाणी काढले की चार दिवस बरे वाटे. ते पाणी पेशींच्या तपासणीसाठी पाठवता येते, हे आम्हांला ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी पाठवले नाही. शेवटी शेजारच्या गावातल्या एका गृहस्थाच्या सांगण्यावरून आम्ही बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात गेलो. तिथे पाण्याची तपासणी आणि सीटी स्कॅन होऊन तिसरा टप्पा असल्याचे कळले. पुढचा उपचार योजनेत झाला. मात्र डॉक्टरांची फी, वेगवेगळ्या ठिकाणच्या सोनोग्राफ्या, जीपचे भाडे आणि खाडे हा सगळा खर्च आजाराचे नाव कळण्याआधीचा होता, आणि त्यासाठी वडिलांनी पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतली होती. त्या वर्षी आईच्या जागी कोयत्याला माझी बहीण गेली.

गृहिणी, ठाणे (घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंविषयी)

वरचा अनुभव वाचून, शहरात रुग्णालये जवळ असल्यामुळे हे सोपे जात असेल, असे कोणाला वाटू शकेल, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या ताई सकाळी पाच घरांचा स्वयंपाक करतात. महापालिकेच्या रुग्णालयातली ओपीडी नेमकी त्याच वेळी चालते. केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे तर पाच घरी सुटी सांगावी लागते, आणि वारंवार सुटी घेणाऱ्या बाईच्या जागी दुसरी पाहिली जाते, हे आमच्याच इमारतीत मी पाहिले आहे. पोट जड वाटते, भाकरी अर्धीही जात नाही, हे त्यांनी आधी औषधाच्या दुकानदाराला सांगितले होते आणि तो गोळ्या देत होता. पाळी जाताना असे व्हायचेच, असे त्यांच्या यजमानांचे मत होते. सोनोग्राफीसाठी मिळालेली तारीख इतकी लांबची होती की त्यांनी तो कागद डब्यात ठेवून दिला.

माझी आतेबहीण डॉक्टर आहे. मी तिला फोन केला आणि दोन दिवसांत सोनोग्राफी झाली. गाठ एकाच अंडाशयात होती, ती न फुटता संपूर्ण निघाली आणि पहिल्या टप्प्यावर निदान झाले. मी हे उपकार म्हणून सांगत नाही. त्यांच्याच चाळीतल्या आणखी एका बाईंना हाच आजार झाला, आणि त्या जिथे काम करत होत्या त्या घरांत कोणाची आतेबहीण डॉक्टर नव्हती. एका रुग्णाची वेळ ओळखीने ठरते आणि दुसरीची रांगेने, याचा मला फार त्रास होतो, पण फोन न करण्याचा पर्यायही मला पटत नाही.

अभियंता, पुणे (स्वतःविषयी)

माझा अनुभव या धाग्याच्या सुराशी जुळणारा नाही, तरी तो इथे असावा. कंपनीचा आरोग्यविमा होता, रुग्णालय घराजवळ होते आणि तक्रार सांगितल्यापासून पंधरवड्याच्या आत रक्ततपासणी, एमआरआय आणि कर्करोगतज्ज्ञांची भेट झाली. तरीही निदान तिसऱ्या टप्प्याचेच निघाले. ‘तिसरा टप्पा म्हणजे बाईने दुर्लक्ष केले’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की, ज्या बाईकडे माझ्यासारखी कागदपत्रे आणि तारखा दाखवायला नाहीत, तिला ते किती कठोरपणे ऐकावे लागत असेल, याची कल्पना येते.

आशा कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा

तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा एक अर्ज आम्ही घरोघरी जाऊन भरतो. त्यात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये, पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर होणारा रक्तस्राव आणि दुर्गंधीयुक्त स्राव यांविषयी प्रश्न आहेत. पुढे तपासणी होते तीही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगांची. पोट फुगते का, जेवण कमी झाले का, हे अर्जात नाही. बाया ते अर्ज भरून झाल्यावर, मी दाराबाहेर निघताना सांगतात. मी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. तिथे बहुतेक वेळा पित्ताची गोळी मिळते, आणि मग त्या दुसऱ्यांदा जात नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत तर पहिल्यांदाही जात नाहीत, कारण वेचणी किलोवर असते आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाचे काहीच मिळत नाही. पोटाविषयीचे दोन प्रश्न अर्जात घातले तर निदान आम्हांला ते वरती लेखी कळवता येईल.

स्त्रीरोगतज्ज्ञ, उपजिल्हा रुग्णालय

आशाताईंची सूचना योग्य आहे, परंतु तिच्यातून कोणी ‘अंडाशय तपासणी शिबिरे’ भरवू नयेत म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला आणि २०२१ साली त्याचे अंतिम निष्कर्ष आले. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांची दर वर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करूनही या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. जिला तक्रार आहे तिला लवकर तपासणे ही निराळी गोष्ट आहे. तिथल्याच २०११च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, विशेषतः पन्नाशीपुढच्या स्त्रीला अशी लक्षणे महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा जाणवत असतील तर सीए-१२५ करावी, आणि ती ३५ किंवा त्याहून अधिक आली तर सोनोग्राफी करावी. यासाठी मोठे तंत्रज्ञान लागत नाही.

आमच्याकडे अडते ते असे. सोनोग्राफी यंत्र आहे, पण रेडिओलॉजिस्ट ठरावीक वारी येतात आणि त्या दिवशी गर्भवतींची रांग असते. त्यांना मागे ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर सहज नेता येत नाही आणि कोणालाही हाताळू देता येत नाही. महाराष्ट्रातले मुलींचे घटलेले प्रमाण पाहता तो कायदा आवश्यक आहे, असेच माझे मत आहे. पण पन्नाशीच्या बाईचे पोट त्यामुळे रांगेत शेवटी येते, हेही खरे आहे. सीए-१२५ बाहेरून करावी लागते, आणि ती एकटी फसवतेही. पोटाच्या क्षयात ती वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात) वाढते, उलट पहिल्या टप्प्यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांत ती वाढलेली नसते. म्हणून प्राध्यापकांनी लिहिलेली गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंनी मनावर घ्यावी : पोटातले पाणी काढले तर ते फेकू नये, पेशींच्या तपासणीला पाठवावे.

आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. शहरात जाण्याचा खर्च टाळावा म्हणून कुटुंबच तालुक्याच्या सर्जनला ‘गाठ इथेच काढून टाका’ असे विनवते. एका अंडाशयात मर्यादित असलेली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेत फुटली तर टप्पा तिथल्या तिथे १-अ वरून १-क होतो आणि नको असलेली केमोथेरपी अनेकदा मागे लागते. पुण्याच्या ताईंचे म्हणणेही मला मान्य आहे. या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार वेगाने पसरतो, तो बऱ्याचदा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो आणि अंडाशयात मोठी गाठ दिसण्याआधीच पोटभर गेलेला असतो. त्यामुळे टप्प्याचे खापर केवळ उशिरावर फोडता येत नाही. उशिराने हमखास जाते ती ताकद. दोघींचाही टप्पा तिसराच असतो, पण एक चालत येते आणि मोठी शस्त्रक्रिया सोसते, तर दुसरी महिनोन्महिने अर्धपोटी राहून, रक्त आणि प्रथिने खालावलेल्या अवस्थेत येते, आणि तिला आधी शस्त्रक्रियेच्या लायक करण्यातच वेळ जातो.

बँक कर्मचारी, मुंबई (बहिणींविषयी)

आई आणि मावशी दोघींनाही हा आजार झाल्यावर माझी बीआरसीए-१ या जनुकाची चाचणी झाली आणि दोष आढळला. हा दोष असलेल्या स्त्रीला अंडाशयाचा कर्करोग होण्याची आयुष्यभरातली शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास असते. एरवी ती शंभरात एकीच्या आसपास असते. मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीस या वयात अंडाशये आणि गर्भनलिका काढून घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि मी तो मानला. माझ्या धाकट्या बहिणीला हाच दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. ती साताऱ्याकडे एकत्र कुटुंबात असते. चाचणीचे पैसे मी देऊ केले, तेव्हा ‘धडधाकट सुनेची कसली तपासणी’ असे सासरी विचारले गेले. आणि दोष निघालाच तर मुलींच्या लग्नात अडचण येईल, ही त्यामागची भीती तिच्या जावेने मला बोलून दाखवली. म्हणजे इथे प्रश्न पैशाचाही उरला नव्हता.

वैद्यकीय समाजसेविका, मुंबई

रिपोर्ट हातात आल्यावरही काही स्त्रिया पुन्हा थांबतात, त्या कागदासाठी. आधार कार्ड माहेरच्या नावाचे, शिधापत्रिकेत नाव सासरचे किंवा कुठेच नाही, असे रोज समोर येते. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव अजून त्याच्याच शिधापत्रिकेवर असते आणि ती पत्रिका तो देत नाही. योजनेतल्या उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखांवरून ५ लाखांवर गेली, पिवळ्या-केशरी पत्रिकांपुरती असलेली ती इतरांनाही खुली झाली, याचा मोठा फायदा दिसतो आहे. पण ओळख पटवण्याचे कागद अजूनही लागतातच. परगावची बाई धर्मशाळेत जागा मिळवून मुंबईत टिकते, पण सोबतचा भाऊ किंवा मुलगा कागदासाठी गावी परत जातो आणि तो येईपर्यंत तिची पुढची तारीख हुकते. म्हणून पोटात गाठ किंवा पाणी असल्याचे सोनोग्राफीत दिसल्याबरोबर, पुढच्या तपासण्या चालू असतानाच, योजनेतल्या जवळच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून कागद दाखवून घ्यावेत. नाव जुळत नसेल तर तहसील कार्यालयात तेव्हाच अर्ज द्यावा आणि त्याची पोच फाइलमध्ये ठेवावी. जुन्या शस्त्रक्रियेचा, विशेषतः पिशवी काढल्याचा, जो काही कागद घरात असेल तोही सोबत आणावा.