कथा ६२०० शब्दांची, मर्यादा ३००० ची. कशी कापू?

कोरा_कागद:
दिवाळी अंकासाठी कथा लिहिली आहे. तालुक्याच्या स्टँडवरचा एसटी कंट्रोलर, त्याच्या निवृत्तीच्या आदला दिवस. विशेषणं काढून, वाक्यं आवळून ६२०० वरून ५४०० वर आणली, पुढे हलत नाही. शिवाय वाचणारे म्हणतात संवाद नाटकी वाटतात. आणि निवेदनात 'केले-गेले' ठेवू की 'केलं-गेलं'? अंकाची मुदत ३१ जुलै.

शाईचा_डाग:
विशेषणं उडवून कथा निम्मी होत नाही. प्रसंगच काढावे लागतात.

सगळ्या प्रसंगांची यादी करा. प्रत्येकापुढे शब्दसंख्या आणि एकच ओळ लिहा: यानंतर काय बदललं? कुणाला काही कळलं, कुणी काही ठरवलं, काही हातचं गेलं. 'स्वभाव कळतो' एवढंच उत्तर येत असेल तर तो प्रसंग बाद. ३००० शब्दांत चार, फार तर पाच प्रसंग मावतात. नोकरी कशी लागली, लग्न कधी झालं वगैरे सुरुवातीला असेल तर पहिली दोन पानं झाकून तिसऱ्यापासून वाचून बघा. बहुतेक वेळा काहीच अडत नाही.

पात्रांनाही हेच लावा. समजा, मित्र कंडक्टर आणि कॅन्टीनवाला आहेत आणि दोघंही नुसतं ऐकूनच घेत असतील तर एकाला घरी पाठवा.

यात एक हमखास फसगत होते. समजा, शेवटी येणारं घड्याळ दुसऱ्या प्रसंगात पेरलेलं असतं, तो प्रसंग उडतो आणि घड्याळ आकाशातून पडतं. म्हणून कापून झालं की अशा वस्तूंची नावं फाईलमध्ये शोधा. पहिला उल्लेख कुठे आहे ते बघा. मूळ फाईलला हात लावू नका, कापाकापी प्रतीवर करा.

अर्धविराम:
संवादाबद्दल. नाटकी वाटतात, कारण बहुधा दोघांनाही माहीत असलेली गोष्ट पात्रं वाचकासाठी बोलतात:

"बाळू, बाबा गेल्यापासून हे घर मीच चालवलं आहे, हे तुला ठाऊक आहे."

असं कोणता भाऊ भावाला सांगतो? त्याऐवजी:

"लाईटबिल भरलंस?"
"दादा, ते तू भरतोस ना."
"पुढच्या महिन्यापासून पगार नाही."

घर कोण चालवतं ते आलं, आणि दादाची धास्तीही आली.

'उद्गारला', 'खेकसला', 'पुटपुटला' यांची रांग नको, 'म्हणाला' पुरे. बाईमाणूस आणि पुरुष बोलत असतील तर क्रियापदच सांगतं कोण बोलतंय. दोन पुरुष असतील तर चार-पाच वाक्यांनी एखादी हाक किंवा कृती घाला, नाहीतर वाचक बोटं मोजत मागे जातो. बोली आणायची तर वाक्याची ठेवण आणि मोजके शब्द आणा. प्रत्येक 'ण'चा 'न' केला की पात्राचं सोंग होतं.

पाय_मोडका:
'केलं' की 'केले', दोन्ही चालतं, मिसळ चालत नाही. 'केलं' घेतलंत तर 'त्याने' की 'त्यानं', 'तिथे' की 'तिथं' हेही एकदाच ठरवा. संवादाला हे बंधन नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांतही (१९६२चे १४, १९७२ला वाढवलेले ४) पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे.

मात्र 'सगळे बदला' हे बटण दाबू नका. 'त्याने दोन फोन केले' यातलं 'केले' पुल्लिंगी अनेकवचन आहे, ते तसंच राहतं. बाई म्हणते 'मी गेले', तेही तसंच. बटण दाबलंत की 'दोन फोन केलं' छापून येईल.

फाईल युनिकोडमध्ये आणि सोबत पीडीएफ. अंकवाले मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये वळवतात तेव्हा रफार आणि जोडाक्षरं तुटतात, मग पीडीएफ ताडून बघता येते. वर नाव, फोन, शब्दसंख्या. एकच कथा दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे लागली तर निस्तरणं अवघड.

कोरा_कागद:
अकरा प्रसंग निघाले. पाच ठेवले तरी ३४०० होतात. आगारातल्या निरोप समारंभाचेच ९०० आहेत.

शाईचा_डाग:
भाषणं काढा. हार घालून झाल्यावर, खुर्च्या उचलताना सुरू करा.